किती अंतर, किती दिवस : पाळीव कुत्र्यांच्या संसर्गजन्य त्वचारोगांविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

कुत्र्याची कातडी दाखवायला आलेलं कुटुंब पशुवैद्याला दोन प्रश्न विचारतं. पहिला टेबलाजवळच येतो : ‘डॉक्टर, हे काय झालंय?’ दुसरा बहुधा बिल देऊन झाल्यावर, दाराशी, जरा आवाज खाली आणून येतो : ‘आम्हाला नाही ना होणार?’ विचारणाऱ्या घरात तान्हं मूल असतं, नाहीतर केमोथेरपी चालू असलेले आजोबा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळतं. दुसऱ्याला मात्र ‘काळजी घ्या’ एवढ्यावर निरोप मिळतो. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, कुत्र्याला कुठे ठेवायचं, किती दिवस, काय धुवायचं आणि काय धुण्याची गरजच नाही, हे कोणी बसून सांगत नाही. ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

उत्तर न मिळाल्याने घरं आपापल्या भीतीप्रमाणे वागतात, आणि ती भीती बहुतेकदा चुकीच्या जागी लागलेली असते. तोंडावर चट्टे पडलेलं पिल्लू बाल्कनीत बांधलं जातं. त्याला डेमोडेक्स झालेला असतो, म्हणजे त्याच्यापासून कोणालाच धोका नसतो. त्याच घरात कानामागे नाण्याएवढी केस गेलेली जागा असलेलं मांजर मुलीच्या उशीशी झोपतं. ती जागा गजकर्णाची असते, आणि आठवडाभरात मुलीच्या मानेवर गोल चट्टा उठतो. निष्काळजीपणा दोन्हीकडे नसतो. फक्त कशापासून किती अंतर ठेवायचं याचं माप हाताशी नसतं.

ते माप ‘संसर्गजन्य’ या एका शिक्क्यातून मिळत नाही. कोणताही संसर्ग अडवायचा तर तो राहतो कुठे आणि जातो कोणत्या वाटेने, हे आधी कळावं लागतं. काही रोगांचं कारण जिवंत कातडीत राहतं, काहींचं गळालेल्या केसांवर, काहींचं आपल्या हातांवर. वाट ओळखली की तेवढीच बंद करायची. बाकी घर, आणि कुत्र्याचं घरातलं स्थान, आहे तसं राहू द्यायचं. पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण या एका सूत्रावर उभं आहे. ते सूत्र चार मुख्य रोगांना कसं लागू पडतं, एवढं इथे थोडक्यात सांगतो.

पहिला रोग म्हणजे सार्कोप्टिक खरूज, गावाकडची लूत. डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसेल अशी ही माइट. तिची मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते, आणि अंड्यापासून नवी प्रौढ माइट तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोटाखालचा विरळ केसांचा भाग ही तिची आवडती ठिकाणं. कुत्रा रात्रंदिवस खाजवतो. कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच चोळली की खरूज झालेल्या बहुतेक कुत्र्यांचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. तपासणीच्या टेबलावर एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

माणसाच्या खरजेमागे ही माइट असते, हे इटलीत जोव्हानी कोसिमो बोनोमो आणि जाचिंतो चेस्तोनी यांनी १६८७ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलं होतं. तरीही कुत्र्याची कातडी खरडून (म्हणजे स्क्रेपिंग करून) काचपट्टीवर पाहिली, तर खरूज असूनही माइट सापडत नाही, असं वारंवार होतं. याचं कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला झालेल्या प्रयोगांतून नीट समजतं. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने तिथे स्वयंसेवक जमवले. त्यांतले बरेचसे सैन्यात जायला तत्त्वतः नकार दिलेले तरुण होते. खरजेच्या रुग्णांची न धुतलेली अंतर्वस्त्रं त्यांना घालायला दिली, रुग्णांच्या कांबळ्यांत त्यांना झोपवलं. अपेक्षा अशी होती की सगळे खाजवू लागतील. प्रत्यक्षात अगदी थोड्यांना खरूज झाली. रोग पसरत होता तो मुख्यतः अंगाला अंग लागून. शिवाय रुग्णाच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी दहा-बाराच असतात, हेही मेलनबींनी मोजून दाखवलं. एवढ्या थोड्या माइटमुळे सगळं अंग पेटतं, कारण खाज ही त्यांच्या संख्येची नसून शरीराने त्यांच्याविरुद्ध घेतलेल्या ॲलर्जीची असते.

माणसाची खरूज आणि कुत्र्याची खरूज हुबेहूब सारखी नाही. कुत्र्याची माइट दमट, थंड जागी अंगाबाहेरही काही दिवस तग धरते, म्हणून अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुणं योग्यच. पण मेलनबींचा धडा इथेही लागू पडतो. खरूज आवरायची तर आधी अंगं धरायची, भिंती आणि फरशी नंतर. घरातल्या ज्या-ज्या कुत्र्यांचा एकमेकांशी संबंध येतो त्या सगळ्यांना, खाजवत असोत वा नसोत, एकाच वेळी औषध द्यावं लागतं. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला काही आठवडे जातात. त्या काळात ‘बरा दिसणारा’ कुत्रा माइट वाटत फिरत असतो. एकालाच औषध दिलेल्या घरात खरूज महिन्याभराने परत येते आणि दोष औषधाला लागतो. स्क्रेपिंग निगेटिव्ह आलं तरी लक्षणं पक्की असतील तर पशुवैद्य उपचार सुरू करतात, ते माइट एवढ्या थोड्या असतात म्हणूनच.

माणसाचं काय? कुत्र्याची माइट आपल्या अंगावर येते, चावते. हाताच्या आतल्या बाजूला, कमरेला, जिथे आपण कुत्र्याला कुशीत घेतो तिथे, खाजऱ्या पुटकुळ्या उठतात. पण माणसाच्या कातडीत ती आपला वंश वाढवू शकत नाही. कुत्रा बरा झाला की आपली खाजही काही दिवसांत विरते. म्हणून घरच्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला हरकत नाही, पण गेल्यावर ‘घरात कुत्रा आहे आणि त्याला खरूज झाली आहे’ हे पहिलं वाक्य असावं. ते न सांगितल्यामुळे लोक महिनोन्‌महिने निरनिराळी मलमं लावत राहतात.

दुसरा रोग डेमोडेक्सचा. दिसायला तो पहिल्याचा जुळा भाऊ, वागायला अगदी उलटा. सिगारच्या आकाराची ही माइट जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळांत थोड्या संख्येने असतेच. ती पिल्लाला मिळते आईकडून, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना. पुढे मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्या मोठ्या कुत्र्याला ती लागत नाही, माणसाला तर नाहीच. पिल्लाची प्रतिकारशक्ती पक्की होण्याआधी किंवा म्हातारपणी एखाद्या दुसऱ्या आजाराने ती ढासळल्यावर माइट बेसुमार वाढते आणि डोळ्यांभोवती, ओठांशी, पंजांवर केस जातात. पिल्लाच्या अंगावरचे एक-दोन चट्टे पुष्कळदा आपोआप भरून येतात. अंगभर पसरलेला डेमोडेक्स मात्र दीर्घ उपचार मागतो, आणि त्यात स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल पडतं. अशा कुत्र्याला वेगळं ठेवायची गरज नाही. मादीपासून पुढे पिल्लं घेऊ नयेत, एवढं मात्र नक्की.

तिसरा रोग गजकर्ण किंवा नायटा, आणि घराला खरा ताप देतो तो हाच. हा कुठलाही किडा नसून बुरशी आहे. कुत्र्या-मांजरांत मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस, शिवाय मातीतून येणारी एक आणि उंदीर-घुशींकडून येणारी एक जात. बुरशी केसाच्या काडीत शिरते, केस तुटतो आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यावर बीजाणू असतात. हे बीजाणू सतरंजीत, सोफ्याच्या शिवणीत, गाडीच्या मागच्या सीटवर, ग्रूमिंगच्या कंगव्यात वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. म्हणजे इथे वाट अंगावरून अंगावर तर आहेच, पण गळालेल्या केसावरूनही आहे.

निदानातही घाई चालत नाही. वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात मायक्रोस्पोरम कॅनिस लागलेला केस सफरचंदी हिरवा चमकतो. चमक केसाच्या काडीत हवी. कोंडा, धागे, साबण, मलम हेही त्या उजेडात चमकतात आणि फसवतात. म्हणून दवाखान्यात येण्याआधी चट्ट्यावर काहीही लावू नये, हा पुस्तिकेतला सर्वांत स्वस्त सल्ला. लॅम्पखाली काही दिसलं नाही म्हणजे गजकर्ण नाही, असंही नाही, कारण बाकीच्या बुरश्या सहसा चमकतच नाहीत. मग नव्या टूथब्रशने अंगभर केस विंचरून ते कल्चरला पाठवतात आणि उत्तराची दोन-तीन आठवडे वाट पाहतात.

उपचार तीन बाजूंनी चालतो. पोटातून इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन, अंगावर मायकोनॅझोल-क्लोरहेक्झिडिनचा शाम्पू, आणि घराची सफाई. जागतिक पशुत्वचारोग संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सफाईबद्दल दिलासा देणारी एक गोष्ट आहे. ही बुरशी भिंतीवरच्या ओलीसारखी घरात वाढत नाही. ती केसांवर नुसती पडून असते. त्यामुळे केस उचलणं हीच निम्मी लढाई. रोज व्हॅक्यूम किंवा ओल्या फडक्याने केस गोळा करायचे, आठवड्यातून दोनदा साबणाच्या पाण्याने फरशी घासायची, आणि मगच योग्य प्रमाणात पातळ केलेलं ब्लीच फिरवून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. केस आणि मळ तसाच ठेवून वरून ओतलेलं ब्लीच वाया जातं. ते टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. कपडे साध्या डिटर्जंटने मशीनमध्ये, गच्च न भरता, दोनदा धुतले की पुरतं.

चौथा गट जिवाणूंचा. कुत्र्याच्या अंगावरच्या पूभरल्या पुटकुळ्या आणि खपलीचे गोल चट्टे, म्हणजे पायोडर्मा, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमिडियस या जिवाणूमुळे येतात. त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं ते २००५ मध्ये. त्याआधी तो दुसऱ्याच नावाखाली मोडत असे. तो निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात, गुदाशी राहतोच. ॲलर्जी, गोचीड, पिसवा किंवा हार्मोनचा बिघाड यांनी कातडीचं कुंपण मोडलं की तो आत शिरतो. त्यामुळे साध्या पायोडर्माला कोणी ‘लागट’ मानू नये. पण याच जिवाणूचे मेथिसिलिनला दाद न देणारे प्रकार गेल्या दोन दशकांत जगभर पसरले आहेत. ते एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, आणि बऱ्याचदा जातात ते माणसांच्या हातांवरून, दवाखान्याच्या टेबलांवरून. इथली वाट म्हणजे हात. हात धुणं, कुत्र्याला आपल्या जखमा न चाटू देणं आणि अपॉइंटमेंट घेताना ‘जंतू रेझिस्टंट आहे’ असं आधीच सांगणं गरजेचं, म्हणजे दवाखाना शेवटची वेळ देईल आणि नंतर टेबल पुसेल. उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या वेळी स्वतःहून सुरू करणं ही या जिवाणूंची सगळ्यात मोठी सोय आहे. वरवरच्या संसर्गात क्लोरहेक्झिडिनचा शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून, अनेकदा गोळ्यांशिवाय काम करतो. पावसाळ्यात अंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या आणि मानेच्या घड्या कोरड्या करणं हा उपचाराचाच भाग.

आता घरगुती इलाजांविषयी. गॅरेजमधलं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल हे उपाय अजूनही सर्रास होतात. कातडीतून आणि चाटण्यातून ते पोटात जातात, यकृत-मूत्रपिंडांवर येतात. मांजर असलेल्या घरात तर फिनेलचा वासही परवडणारा नाही, कारण फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही. दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांनी माणसांच्या गजकर्णाचं भारतात काय केलं, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगून थकले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइड असलेली चौदा मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. तीच मलमं आता कुत्र्याच्या चट्ट्यावर लागतात. दोन दिवस लाली उतरते, खाज थांबते, आणि खाली बुरशी किंवा डेमोडेक्स पसरत राहतो.

आयव्हरमेक्टिनबद्दल वेगळं सांगायला हवं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना ज्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, त्याच औषधाचं गुरांसाठीचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचलं जातं. काही कुत्र्यांमध्ये औषध मेंदूबाहेर ठेवणारा प्रथिनाचा पहारा जन्मतःच अपुरा असतो. कोलींमध्ये हे फार मोठ्या प्रमाणात आढळतं, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्येही, आणि कमी प्रमाणात जर्मन शेफर्डमध्ये. अशा कुत्र्याला खरजेच्या मात्रेतलं आयव्हरमेक्टिन झटके, अंधत्व, बेशुद्धी किंवा मृत्यू देऊ शकतं. आता अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर अशा तोंडाने द्यायच्या गोळ्या आल्या आहेत. त्या खरूज, डेमोडेक्स, गोचीड आणि पिसवा यांच्यावर एकाच वेळी काम करतात. झटके येणाऱ्या कुत्र्याला त्या देताना विचार करावा लागतो. तशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिली. तेव्हा गोळी मित्राकडून नाव ऐकून नव्हे, कुत्र्याचा इतिहास पशुवैद्यासमोर ठेवून ठरवावी.

औषध सुरू करण्याइतकंच ते थांबवणं महत्त्वाचं, आणि चूक होते ती तिथे. खरजेत खाज कमी झाली म्हणजे माइट संपल्या, असं नाही. गजकर्णात केस आधी उगवतात, बुरशी नंतर जाते. डेमोडेक्समध्ये कातडी छान दिसू लागल्यावरही महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग स्वच्छ यावी लागतात. डोळ्यांना बरं दिसणं हा या रोगांत भरवशाचा साक्षीदार नाही.

विलगीकरणाची किंमतही मोजायला हवी. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून जे काम केलं आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं, त्यातून दिसलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी आणि जगाशी नातं जोडायला शिकतं. नेमक्या याच वयात गजकर्ण पुष्कळदा होतो, आणि याच वयात पिल्लाला महिना-दीड महिना बाथरूममध्ये कोंडलं तर कातडी बरी होते, पण कुत्रा आयुष्यभर भित्रा किंवा चावरा होऊ शकतो. गजकर्ण जीवघेणा नाही आणि बरा होतो. म्हणून वेगळं ठेवायचं ते पुसायला सोप्या खोलीत, शक्य तितके थोडे दिवस. आणि एका धडधाकट मोठ्या माणसाने, जुना फुलबाह्यांचा शर्ट घालून, रोज पिल्लाशी खेळायचं. लहान मुलं, गर्भवती, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी तेवढा काळ लांब राहायचं.

सोसायटीच्या आवारातला केस गेलेला कुत्रा हा शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे. त्याचा फोटो ग्रुपवर येतो आणि ‘उचलून न्यायला सांगा’ असा ठराव होतो. पशू जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा त्याच्या जागीच परत आणायचा असतो, आणि एक कुत्रा हलवल्याने खरूज हलत नाही, कारण त्याचे सोबती तिथेच असतात. काही आठवडे परिणाम टिकणारी गोळी खाण्यातून देता येते. रोज खाऊ घालणारी माणसं आणि पशुवैद्य एकत्र आले तर आवारातली सगळी टोळी एका आठवड्यात औषधाखाली येते. घरातल्या कुत्र्याचं संरक्षणही त्यातच आहे.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगायला हवं. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या वजनावर, जातीवर, वयावर आणि चालू असलेल्या इतर औषधांवर ठरतात. रोग ओळखायला फोटोंचा अल्बमही दिलेला नाही. चार वेगळे रोग एकसारखे दिसतात हे सांगून झाल्यावर फोटोवरून निदान करायला लावणं विसंगत ठरलं असतं. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान आहे. कारण कुठे राहतं, कुठून जातं, कोणाकोणाला औषध, काय धुवायचं, कोणी लांब राहायचं आणि कोणती तपासणी आल्यावर थांबायचं, असे सहा रकाने त्यात आहेत. दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्या आणि रकाने डॉक्टरांकडून भरून घ्या. दाराशी विचारायचा प्रश्न टेबलाजवळच, कुत्रा समोर असताना विचारला, तर त्याचं उत्तर नेमकं मिळतं आणि ते घरच्या सगळ्यांना वाचता येतं.